मधलं गाव

निनादनं पर्थहून विचारलं,
आज्जी, आत्याचं कॅलगरी आमच्यापासून किती लांब?
शाळेत तक्ता करायचाय:
नातेवाईक, शहर, किलोमीटर, तास.
बाबाला विचार, म्हटलं.
तर म्हणाला, बाबा म्हणतो आज्जीला विचार.

मग माळ्यावरून पृथ्वी काढली.
अप्पा बळवंत चौकातून आणलेली, वैजूच्या पाचवीतली,
आस निखळलेला,
सोव्हिएत रशिया अजून अख्खा गुलाबी.
फॉल-पिकोच्या डब्यातला पिवळा दोरा घेतला,
एक टोक पर्थवर अंगठ्यानं दाबलं,
दुसरं कॅलगरीच्या अंदाजानं,
आणि ताणला.
पट्टीवर धरला, कोपऱ्यातल्या प्रमाणानं गुणला:
पंधरा हजार चारशे, वर थोडे.

थेट विमान नाही.
दोनदा उतरा, दोनदा चढा, अठ्ठावीस तास.
आणि गंमत अशी की
मंगळवारी उजाडायच्या आत निघालेला माणूस
मंगळवारीच पोचतो.
एवढा वेळ जातो आणि तारीख हलत नाही.

मला यात नवल वाटलं नाही.
त्या दोघांत अडीच वर्षं झाली,
तारीख हललेली नाही.

हे गेले त्या गुरुवारनंतर
वैजू शनिवारी पहाटे उतरली, बारा हजार किलोमीटरवरून.
पुष्कर पुढच्या मंगळवारी, सात हजारांवरून.
लोहगावला, बाहेर येणाऱ्या ट्रॉल्यांच्या गर्दीत
ती एवढंच म्हणाली, जवळ होतास ना तू?
त्याचा पासपोर्ट व्हिसासाठी अडकला होता.
कारण खरं होतं.
पण खरं कारणही कधी कधी
माणसाच्या मागून, वेगळ्या विमानानं येतं.

एकोणीस वर्षं मी बाजीराव रोडच्या एक्स्चेंजात ट्रंक कॉल जोडले.
ऑर्डिनरी, अर्जंट, लायटनिंग.
सांगली बोला. नागपूर बोला, लाइन आहे.
तीन मिनिटं झाली, वाढवू का?
पहिल्याच दिवशी बाईंनी सांगितलेलं,
पलीकडून हॅलो आलं की आपली किल्ली बंद.
तिथं पाळलं.
घरात नाही पाळलं.
वैजू विचारते, त्याची पाठ कशी आहे गं?
पुष्कर विचारत नाही,
म्हणतो, कॅलगरीत बर्फ फार पडतोय म्हणे,
आणि गप्प राहतो.
मी ह्याचं तिला सांगते, तिचं ह्याला,
थोडी साखर घालून.

दोरा तसाच ताणून बघत बसले.
पर्थहून निघतो, ऑस्ट्रेलिया तिरका कापतो,
मग नुसतं निळं. निळं. निळं.
पुणं कुठं राहिलं म्हणून शोधलं,
वैजूनं पेनानं केलेला तो ठिपका,
तर तो मागच्या बाजूला,
माझ्याच तळहाताखाली झाकलेला.

धानोरीवरून तेव्हा सुखोई गेलं.
शोकेसमधल्या कपबशा किणकिणल्या
आणि थांबल्या.

निनादला लिहिलं:
किलोमीटर पंधरा हजार चारशे.
तास किती ते मला सांगता येत नाही,
आत्या दोनदा आल्येय-गेल्येय तिकडं, तिलाच विचार.
हा नंबर. शाळेला जायच्या आधी कर.

पुण्याच्या साडेचारला
पर्थला सकाळचे सात,
कॅलगरीत कालच्या दुपारचे चार.
मी उठून बसलेय, शाल घेऊन.
वैजूला आधी कळवून ठेवावं, असं तीनदा मनात आलं.
फोन पालथा घातला.
दोरा रिळाला गुंडाळला, टोक खाचेत अडकवलं.

तीन मिनिटं झाली असतील आता.
वाढवू का, म्हणून विचारायला
मी मध्ये नाही.